एका सेकंदाचं काम

मोटारसायकलची बॅटरी दिवसभरात नेमकं काम किती करते, हे सहसा कुणी मोजायला जात नाही. मी मोजलं, कारण मोजणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. पुण्यात एका कारखान्यात मी पॉवर सप्लाय डिझाइन करते. दिवाळीच्या सुट्टीत अकोटला घरी गेले तेव्हा बाबांच्या दीडशे सीसीच्या गाडीला डीसी क्लॅम्प मीटर लावला आणि सेल्फ मारला. करंट पहिल्या झटक्यात शंभरापलीकडे उडाला, लगेच साठ अँपिअरच्या आसपास आला. व्होल्टेज साडेबारावरून दहावर उतरलं आणि सेकंद पुरा व्हायच्या आत इंजिन लागलं. गुणाकार केला तर साधारण पाचशे ज्यूल. पन्नास किलोंचं पोतं जमिनीपासून मीटरभर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी. हमाल ते काम दिवसातून शेकडो वेळा करतो.

इंजिन एकदा लागलं की दिवा, हॉर्न, इंडिकेटर हे सगळं मॅग्नेट कॉइल सांभाळते आणि वर बॅटरीला खर्च झालेलं परतही देते. म्हणजे दोन-तीन किलोंचा तो डबा बाबा वर्षभर वाहून नेतात तो मुख्यतः त्या एका सेकंदासाठी. त्यात साठवण किती? बारा व्होल्ट, नऊ अँपिअर-अवर म्हणजे १०८ वॉट-अवर, ज्यूलमध्ये तीन लाख नव्वद हजारांच्या जवळ. एका स्टार्टला लागतं त्याच्या पावणेआठशे पट.

एवढी शिल्लक असून गाडी बंद का पडावी? आणि बाबांची पडायची. पाच वर्षांत तीन बॅटऱ्या झाल्या होत्या.

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. २००५ साली मंडळाचं महावितरण झालं, पण ते अजूनही 'मी बोर्डात होतो' असंच म्हणतात. वय एकाहत्तर. शेत पोपटखेडच्या रस्त्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. साडेपाच एकर, त्यात थोडी संत्री आणि रब्बीला हरभरा, गहू. शेतीपंपांना थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. ज्या माणसानं उभा जन्म लोकांच्या घरी वीज पोचवली, तो आता रात्री बारा वाजता मफलर गुंडाळून 'लाइन' यायची वाट बघत विहिरीवर बसतो. यातली गंमत त्यांना कळते. मला ती गंमत वाटत नाही. पोरांनी ओलिताचं काम मजुरावर सोडा म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "रात्रीचा मजूर भेटते कुठं वं? आन् भेटला तं झोपते."

त्यांचा उजवा गुडघा बदललेला आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींतली एक स्पष्ट होती: किक मारायची नाही. तेव्हापासून त्यांच्या गाडीचा सेल्फ ही सोय राहिली नाही, गरज झाली. आणि एका जानेवारीत पहाटे तीन वाजता शेतावर सेल्फचं बटण दाबल्यावर नुसतं कट-कट-कट वाजलं. संध्याकाळी निघताना गाडी एका फटक्यात लागली होती. ओल्या काळ्या मातीत गाडी ढकलून सुरू करणं तरण्या माणसालाही जमत नाही. रस्त्यापर्यंत पायी यावं तर मधल्या नाल्यापाशी आठवड्यापूर्वीच बिबट्याचे पंजे उमटलेले. ते झोपडीत कडबा पांघरून बसले आणि उजाडल्यावर दूधवाल्याच्या मागे बसून घरी आले. तोवर आईनं मला चार वेळा फोन केला होता. पाचशे किलोमीटरवरून मी करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी बोलत राहिले.

त्या बॅटरीला मी नंतर इंडिकेटरचा दहा वॉटचा बल्ब जोडून ठेवला. तो रात्रभर जळला. ज्या बॅटरीनं बाबांना शेतात अडकवलं तिच्या पोटात ऊर्जा भरपूर होती. ती बाहेर काढायची वाट अरुंद झाली होती. शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे खडे जमतात, उन्हाळ्यात पाणी उडतं, पट्ट्यांच्या जाळ्या गंजतात आणि अंतर्गत रोध वाढत जातो. बल्बला पाऊण-एक अँपिअर लागतो, तो मिळतो. स्टार्टरला साठ लागतात, तेव्हा व्होल्टेज कोसळतं. टाकी भरलेली आहे पण खालचा नळ गंजून सुतळीएवढा उरला आहे, अशी गत. पाणी प्यायला चालेल, आग विझवायला नाही. आणि ही गोष्ट बाहेरून कळत नाही. मीटर लावला तर आजारी बॅटरीही आरामात साडेबारा दाखवते. तिचं खरं तेव्हाच कळतं जेव्हा तिच्याकडे मागणं मागितलं जातं, म्हणजे नेमकं रात्री तीन वाजता.

सुपरकपॅसिटरचा विचार माझ्या डोक्यात आला तो इथून. कारखान्यात आम्ही ते वापरतो: वीज गेली तर यंत्रानं शेवटची नोंद लिहून नीट झोपी जावं, तेवढ्या काही सेकंदांसाठी. पवनचक्क्यांमध्येही काही ठिकाणी ते असतात; वादळात वीज गेली तरी पाती वाऱ्याला आडवी न राहता वळवून घ्यायला. शांघायमध्ये २००६ पासून एका मार्गावर त्यांच्यावर बस चालवल्या गेल्या. बस थांब्यावर थांबते, प्रवासी चढेपर्यंत वरच्या तारेतून भरून घेते आणि पुढच्या थांब्यापर्यंत जाते. सगळीकडे काम एकच, थोडं पण झटपट.

बाबांना कपॅसिटर नवा नाही. आमच्याकडे त्याला सगळे कंडेन्सर म्हणतात. पंख्यात असतो, पंपाच्या स्टार्टरपाशी असतो, सबस्टेशनमध्ये त्याची कपाटाएवढी बँक असते. लाइनमनच्या मनात त्याच्याविषयी एक जुनी भीती असते. तार मेली तर मेली, पण कंडेन्सर सप्लाय काढल्यावरही भरलेला राहू शकतो. आधी थांबायचं, मग अर्थिंगच्या दांड्यानं त्याला रिकामा करायचा, मगच हात लावायचा. त्यामुळे मी विषय काढला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "थो सीटखाली ठेवतं काय? बुडाखाली?" हा चौदा व्होल्टचा आहे, शॉक बसत नाही, फक्त पान्हा आडवा पडला तर पान्हा वितळेल, असं मी सांगितलं. पान्हा वितळण्याचं त्यांना पटलं. तसं त्यांनी पाहिलेलं होतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. पंपाचा कंडेन्सर मायक्रोफॅरडमध्ये मोजतात, फॅरडचे दहा लाखावे भाग. मी हातात धरलेल्या, टॉर्चच्या जाड सेलएवढ्या डबीवर लिहिलं होतं ५०० फॅरड. "हे छापण्यात चुकलं." चुकलं नव्हतं. १८५३ साली हेल्महोल्ट्झनं दाखवलं होतं की धातू आणि द्रव जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना विरुद्ध भारांचा एक अत्यंत पातळ थर बसतो. कपॅसिटरच्या दोन पाट्यांमधलं अंतर जितकं कमी आणि पाट्यांचा पसारा जितका मोठा, तितकी धारणा जास्त. आणि या थरातलं अंतर रेणूच्या मापाचं असतं. पसारा वाढवायला सच्छिद्र कोळसा वापरायचा, ही युक्ती जनरल इलेक्ट्रिकच्या बेकरनं १९५७ मध्ये पेटंट केली. पुढे ओहायोच्या एका तेल कंपनीनं ती सुधारली आणि १९७८ मध्ये जपानच्या एनईसीनं ती 'सुपरकपॅसिटर' या नावानं विकायला काढली, संगणकाची स्मृती शाबूत ठेवण्यासाठी. हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो. करवंटी जाळून, वाफेनं त्याला आतून पोखरून असा काही करतात की एका ग्रॅमच्या आत दीड हजार चौरस मीटर किंवा त्याहूनही जास्त पृष्ठभाग तयार होतो.

शेतकऱ्याला चौरस मीटर सांगून उपयोग नसतो. मी म्हटलं, पंधरा गुंठे. एका ग्रॅममध्ये.

"पंधरा गुंठे?" बाबा डबी फिरवून बघत म्हणाले. "मंग सातबारा कोणाच्या नावानं हाय?"

आता हिशोब. एक सेल २.७ व्होल्टचा, त्याहून जास्त दिलं की आतला द्रव फुटून वायू होतो. सहा सेल एकापुढे एक जोडले की १६.२ व्होल्टपर्यंत सोसतात, आणि गाडीचा रेग्युलेटर चौदा-सव्वाचौदाच्या वर जाऊ देत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला २.३७ येतात. हे मुद्दाम सैल ठेवलेलं अंतर आहे, त्याचं कारण पुढे येईल. सहा सेल ओळीत लावले की धारणा सहापटीनं घटते, ५०० चे ८३ फॅरड उरतात. त्यात चौदाच्या थोडं वर भरलेली ऊर्जा आठ हजार तीनशे ज्यूलच्या आसपास. बॅटरीच्या तुलनेत पंचेचाळिसावा हिस्सा. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पण अंतर्गत रोध इतका थोडा की साठ अँपिअर मागितले तर व्होल्टेज सव्वा-एक व्होल्टच वाकतं. छोटी बादली, पण सगळं तोंड उघडं.

सेल घेताना एक गोष्ट. पहिले सहा मी ऑनलाइन मागवले, स्वस्त होते. स्थिर पाच अँपिअरनं भरायला लावले तर ५०० फॅरडच्या सेलला शून्यापासून अडीच व्होल्टपर्यंत २५० सेकंद लागायला हवेत. एक ऐंशी सेकंदांत भरला, दुसरा पंचाऐंशी. वेष्टन नवं, आतला माल भलताच. परत पाठवले आणि मग नोंदणीकृत वितरकाकडून चढ्या भावानं घेतले. बॅलन्सिंगचं सर्किट, पेटी, फ्यूज धरून खर्च नव्या बॅटरीच्या साधारण चौपट झाला. बॅलन्सिंग ही चैन नव्हे. सहाही सेल अगदी सारखे नसतात, एखादा आधी भरतो आणि बाकीच्यांची वाट न बघता मर्यादा ओलांडतो. प्रत्येक सेलवर एक छोटं सर्किट बसवायचं, जे ठरावीक व्होल्टेजच्या वरचं वाहून जाऊ देतं. यूट्यूबवर सेल नुसते डाग देऊन जोडणारे पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या सेलमधला द्रव ज्वलनशील आणि विषारी असतो, एवढंच त्यांना सांगावंसं वाटतं.

पहिल्यांदा भरण्याचा कार्यक्रम अंगणात झाला. रिकामा सुपरकपॅसिटर थेट बॅटरीला जोडला तर तो शॉर्ट सर्किटच असतो, म्हणून मधे ब्रेकलाइटचा एकवीस वॉटचा बल्ब घेतला. जोडताच बल्ब लखलखीत पेटला. मग हळूहळू पिवळा, केशरी, नुसती लाल तार, आणि पंधरा-वीस मिनिटांनी काहीच नाही. आई दारातून बघत होती. "गेला वाटते बलफ," ती म्हणाली. बाबा मीटरकडे बघत होते. "गेला नाही. भरलं थे." त्यांना ही पद्धत फार आवडली, कारण मीटर नसला तरी बल्बच सांगतो किती राहिलं. त्या दिवसापासून मगरपट्ट्या लावलेला तो बल्ब गाडीच्या टूलबॉक्समध्ये आहे.

गाडी लागली. आवाज वेगळा होता. स्टार्टर नेहमीपेक्षा चपळ फिरला, जणू त्याची कुणीतरी कानउघाडणी केली होती. बाबांनी सात वेळा बंद-चालू केली आणि मग मला म्हणाले, "हे झालं गुण. आता अवगुण सांग."

अवगुण बरेच आहेत आणि ते मी त्यांच्या समोर वहीत मांडले. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावला, तर या गाडीला जवळपास तीन अँपिअर लागतात. दीड मिनिटात सगळं संपतं. बाबांची सवय होती गाडी विहिरीकडे तोंड करून लावायची आणि इंजिन बंद करून हेडलाइटच्या उजेडात स्टार्टरची पेटी उघडायची. ती सवय सोडावी लागणार होती. चावी चालू ठेवून चौकात पानठेल्यावर गप्पा मारणंही. डिजिटल घड्याळ बिचारं एकच मिलिअँपिअर घेतं, बॅटरीला ते जाणवतही नाही; पण ८३ फॅरडमधून एक मिलिअँपिअर म्हणजे रोजचा एक व्होल्ट. तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की संपलं. यावर एक कटऑफ स्विच बसवला. चावी काढल्यावर तोही बंद करायचा. घड्याळ दर वेळी बाराला येऊन थांबायचं, त्यावर बाबा म्हणाले, "थे मनगटावर हाय ना." स्विच बंद असतानाही सेल स्वतःहून गळतात. पहिल्या रात्री अर्धा व्होल्ट उतरला, मग वेग मंदावत गेला आणि आठव्या दिवशी बाराच्या जरा खाली होतं. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला हा उपद्व्याप करू नये असं माझं मत आहे. तिथे चावी फिरवताच पंप आणि संगणक आधी आपला वाटा घेतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला जमतं.

एवढे अवगुण ऐकून शहाण्या माणसानं नवी बॅटरी घेतली असती. मीही दोन दिवस तसाच विचार करत होते. माझा प्रश्न साधा होता: ज्याच्या पोटात आठवडाभराचीही शिदोरी नाही, असं साधन मी एकाहत्तर वर्षांच्या माणसाबरोबर रात्री रानात का पाठवावं? त्याचं उत्तर मला मिळालं ते कपॅसिटरच्या सूत्रात, जे मी बारावीपासून पाठ म्हणत आले होते. त्यातली ऊर्जा फक्त व्होल्टेजच्या वर्गावर ठरते. रसायन नाही, वय लपवणं नाही. मीटरवर तेरा दिसले तर तेराइतकं आहे. अकरा दिसले तर अकराइतकं. बॅटरी साडेबारा दाखवून दगा देऊ शकते, याला तशी सोयच नाही. जुना झाला की धारणा थोडी घटते आणि रोध वाढतो, पण ते वर्षांच्या गतीनं, आणि मला दिवाळीत घरी आल्यावर मोजता येतं. म्हणून हँडलवर एक छोटा व्होल्टमीटर बसवला, बटण दाबलं तरच पेटणारा. प्रयोग करून पाहिलं तर साडेदहापर्यंत गाडी लागत होती, दहाच्या खाली नुसता रिले वाजत होता. तेवढ्यावरून तक्ता केला: चौदाला सात स्टार्ट, तेराला जवळजवळ पाच, बाराला अडीच-पावणेतीन, अकराला एक, तोही जेमतेम. दर ठिकाणी एक कमी धरायचा. बाबांनी तो स्वतःच्या अक्षरात लिहून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवला. सबस्टेशनमध्ये तासातासाला रीडिंग लिहिण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना शिल्लक आकड्यात दिसणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला त्या अक्षराकडे बघून कळलं. झोपडीतल्या त्या रात्रीबद्दल ते कधी बोलले नव्हते. तक्ता चिकटवताना म्हणाले, "त्या दिवशी घरून निघताना मले मालूम असतं तं मी गेलोच नसतो."

त्याच संध्याकाळी शेतावर गेलो. रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी बांधावर तारेचं कुंपण आहे आणि झोपडीत झटका मशीन. सेकंदाला एकदा टक आवाज होतो. ते मशीन काय करतं? बाराच्या बॅटरीतून थोडं थोडं घेऊन आतला कपॅसिटर भरतं आणि सेकंदातून एकदा तो सगळा तारेत ओततं. क्षणाच्या बारीक तुकड्यात काम संपतं, म्हणून डुक्कर पळतं, मरत नाही. लोक पैसे वाचवायला तारेत थेट लाइन सोडतात आणि माणसं मरतात. बाबांनी नोकरीत असे पंचनामे पाहिले आहेत आणि त्या विषयावर त्यांचा आवाज अजून चढतो. मी झटका मशीनचं आतलं सांगत होते तेव्हा ते टक-टक ऐकत होते. "म्हणजे तू गाडीत हेच बसवलं," ते म्हणाले. "डुकराच्या जागी इंजन." याहून चांगलं स्पष्टीकरण मी कारखान्यात कुणाला दिलेलं नाही.

जुनी बॅटरी द्यायला बॅटरीवाल्या चाचांकडे गेले. त्यांनी ती वजनकाट्यावर टाकली, नव्या बॅटरीवर सूट सांगितली आणि मी नवी घेत नाही म्हटल्यावर पंधरा मिनिटं माझी उलटतपासणी केली. लेड-ॲसिड बॅटरी १८५९ ची, प्लान्टेची. इतक्या जुन्या तंत्राला हरवणं सोपं नाही याचं एक कारण चाचांचं दुकानच आहे: तिचं शिसं जवळपास सगळं परत वितळवता येतं आणि त्याला भाव आहे. पण वितळवतं कोण, कुठे, कसं? युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांचा २०२० चा अहवाल आहे. जगातल्या दर तीन मुलांतल्या एकाच्या रक्तात शिसं काळजी करण्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असल्याचा त्यांचा अंदाज, आणि त्यात भारताचा वाटा सगळ्यात मोठा. कारणांमध्ये उघड्यावर, भट्टी लावून फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या वरच्या क्रमांकावर. २०२२ मध्ये उत्पादकांवर परतीची जबाबदारी टाकणारे नियम आले आहेत. चाचा म्हणाले, त्यांचा माल गाडीवाला नेतो. पुढे कुठे जातो ते त्यांनी विचारलेलं नाही. त्यांच्या हाताच्या रेषा काळ्या झालेल्या होत्या आणि त्याच हातानं त्यांनी मला चहाचा कप दिला. मी प्यायले. नाही म्हणणं मला जमलं नसतं.

मला खरी धास्ती होती मे महिन्याची. सुपरकपॅसिटरला थंडी चालते, अगदी उणे तापमानातही तो कुरकुरत नाही. त्याचा वैरी उष्णता. सेलवर पासष्ट अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. अकोल्याचा मे कुणाला सांगायला नको. पेटीत चिकटवलेल्या तापमापकानं दुपारी उन्हात उभ्या गाडीत सत्तावन्न दाखवले. मघाशी म्हटलेलं सैल अंतर इथे कामाला येतं: सेलला त्याच्या मर्यादेपेक्षा कमी व्होल्टेजवर ठेवलं की उष्णतेनं खाल्लेलं आयुष्य बरंचसं भरून निघतं. तरी बाबांना सांगून गाडी निंबाच्या सावलीत लावायला लावली. पहिल्या उन्हाळ्यानंतर मोजलं तेव्हा ८३ चे ८१ भरले होते. तेवढा फरक माझ्या मोजण्यातलाही असू शकतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एकदा पाळी आली. हरभऱ्याला दुसरं पाणी चाललं होतं, रात्री स्टार्टरचा फ्यूज गेला, टॉर्च मंद झाला आणि बाबांनी गाडीचा हेडलाइट लावला. किती वेळ लावायचा ते त्यांना ठाऊक होतं, पण फ्यूजची तार बसेपर्यंत घड्याळाकडे कोण बघतं? निघताना मीटरचं बटण दाबलं तर १०.१. त्यांनी सेल्फ दाबलाच नाही. झोपडीत फवारणीचा बॅटरी पंप होता, त्यात बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती जुनाट, तीन हंगाम वापरलेली. तिनं साठ अँपिअर जन्मात दिले नसते. पण एक-दोन अँपिअर ती देऊ शकत होती. पंपाचं झाकण उघडून, मगरपट्ट्या लावून त्यांनी तो ब्रेकलाइटचा बल्ब मधे जोडला. हे मला दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं, आणि तेही गोष्ट म्हणून नाही, रीडिंग म्हणून: "दोन चाळीसले दहा पॉइंट एक. दोन अठ्ठेचाळीसले अकरा पॉइंट आठ. बलफ इझला. निंघालो."

मी विचारलं, भीती नाही वाटली?

"आठ मिनिटं वाटली. मंग आकडा चढत दिसला ना."

फवारणी पंपाची ही युक्ती मी त्यांना सांगितली नव्हती. मी पेन्सिल सेलचा एक संच करून दिला होता, आठ सेल ओळीत, शेवटचा उपाय म्हणून. तो घरी देव्हाऱ्याच्या फळीवर सापडला, आईनं टीव्हीच्या रिमोटसाठी त्यातले दोन काढून घेतलेले.

आता गावात गवगवा झाला आहे. शेजारच्या काकांची स्कूटर महिन्यातून दोनदा बाहेर निघते आणि दर वेळी बंद असते. त्यांनी बाबांमार्फत निरोप दिला की त्यांनाही 'थो करवंटीवाला डबा' करून द्यावा. पंधरा दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला हे चालणार नाही, असं मी लांबलचक समजावून सांगायच्या तयारीत होते. बाबांनीच मधे तोडलं. "त्याले बॅटरीच बरी. त्याले रोज कुठं जायचं असते?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, झटका मशीनला एक करता येईल काय. मी सांगितलं, नाही. मशीन कपॅसिटरचं असलं तरी त्याला रात्रभर पुरायचं असतं, तासन् तास, डुक्कर येवो न येवो. तिथे साठवणच लागते. त्यांनी हूं केलं आणि दुसऱ्या दिवशी चाचांकडून तिच्यासाठी नवी बॅटरी आणली. ती आणली त्या दिवशीची तारीख आणि व्होल्टेज तिच्या अंगावर खडूनं लिहिलेलं आहे.